माहुलचें दप्तर

सार्वजनिक दप्तरें लोकांस खुलीं असावींत, या तत्त्वाविषयीं आतां कोणी उघड वाद घालीत नाहीं. सन २००५ मध्यें या तत्त्वास अखिल भारतीय कायद्याचें रूप आलें, आणि तेव्हांपासून ‘माहितीचा अधिकार’ हा शब्द खेड्यांतील चावडीपासून मंत्रालयापर्यंत सर्वांच्या तोंडीं बसला. परंतु तत्त्व मान्य झालें म्हणजे आचरणहि आपोआप सुधारतें, असा अनुभव नाहीं. ज्या संस्थांशीं सामान्य मनुष्याचा जन्माच्या नोंदीपासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत नित्य संबंध येतो, त्या स्थानिक स्वराज्य संस्थांनीं सार्वजनिक अभिलेखांचे कायदे कितपत पाळले, हें पाहण्याचा या लेखांत आमचा उद्देश आहे.

असा विचार केवळ कलमांच्या आधारें केल्यास तो निर्जीव होतो. यासाठीं मुंबईच्या पूर्व उपनगरांतील माहुल हें एकच स्थळ आम्हीं पुढें ठेविलें आहे. खाडीकांठचें हें जुनें कोळी-आगऱ्यांचें गांव आज तेलशुद्धीकरणाचे कारखाने, रसायनांच्या टाक्या आणि प्रकल्पग्रस्तांसाठीं उभारलेल्या इमारती यांच्या मध्यें सांपडलें आहे. तेथें जमिनीचें, हवेचें व घरांचें अशीं तीन दप्तरें एकाच ठिकाणीं येऊन मिळतात. आणि त्या दप्तरांतील कागद वेळेवर लोकांपुढें आला कीं नाहीं, हा प्रश्न सन २०१७ पासून तेथें हजारों कुटुंबांच्या श्वासोच्छ्वासाचा झाला आहे. तथापि आजच्या स्थितीकडे वळण्यापूर्वीं दप्तर उघडें होण्याचा इतिहास थोडक्यांत पाहिला पाहिजे. कारण आजचे पुष्कळ दोष त्या इतिहासांतूनच आलेले आहेत.

साष्टी व तिच्या लगतचा मुलूख यांत सार्वजनिक लेखाची परंपरा फार जुनी आहे. शिलाहारांच्या व त्यांच्या नंतरच्या काळांत उत्तर कोंकणांत भूमिदानाचे शिलालेख उभारीत. दान कोणीं दिलें, कोणास दिलें, हें दगडावर कोरलेलें असे. आणि दान मोडणारासाठीं गाढवाचें चित्र कोरून शापवचन घातलेलें असे. या गधेगाळांतील शाप आजच्या अभिरुचीस ग्राम्य वाटतो. परंतु अभिलेखाच्या दृष्टीनें त्यांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे तो लेख उघड्यावर असे, आणि पाहण्यासाठीं कोणाची परवानगी लागत नसे. दुसरी म्हणजे, ज्यास अक्षरओळख नाहीं त्यासहि चित्रावरून लेखाचा धाक कळत असे.

पुढें कागदाचें राज्य आलें, तशी ही स्थिति पालटली. मराठ्यांच्या कारभारांत गांवचें दप्तर कुळकर्ण्याकडे व परगण्याचें देशपांड्याकडे असे. हीं पदें वंशपरंपरेचीं असल्यामुळें दप्तरहि बहुधा वतनदाराच्या घरीं रुमालांत बांधलेलें राही. वतनाचा तंटा निघाला म्हणजे जुने कागद बाहेर येत, गोतसभेपुढें वाचले जात, आणि साक्षीमोर्तबानिशीं महजर होई. म्हणजे लेख लोकांपुढें येई तो तंट्याच्या निमित्तानें. एरव्हीं तो ज्याच्या हातीं असे त्याच्याच सत्तेचें साधन होई. साष्टींत तर पोर्तुगीज, सन १७३९ पासून मराठे, आणि सन १७७४ नंतर इंग्रज असे तीन अंमल झाले, आणि एकाच मुलुखाचे कागद तीन राज्यांच्या दप्तरांत विखुरले. पुण्यास जमलेलें पेशव्यांचें प्रचंड दप्तर इंग्रजांच्या हातीं गेल्यावर संशोधकांस तें दीर्घकाळ सहजासहजीं पाहावयास मिळत नव्हतें. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं सन १९३० ते १९३४ या काळांत त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, तेव्हां महाराष्ट्रास आपल्याच पूर्वजांच्या कारभाराचा बराचसा भाग प्रथम दिसला. दप्तर उघडें नसलें म्हणजे इतिहास कसा अडतो, हें आपल्या अभ्यासकांस अशा रीतीनें फार पूर्वींच कळून चुकलें होतें.

इंग्रजी अमलांत कायद्यानें दप्तर उघडण्याचा आरंभ झाला, तो मुख्यतः न्यायालयांच्या व महसुलाच्या सोईसाठीं. सन १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें असें ठरविलें कीं, जो सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा एखाद्यास हक्क आहे, त्याची प्रमाणित नक्कल फी घेऊन त्यास दिली पाहिजे. सन १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानें सरकारी नकाशे व जमिनीचीं दप्तरें, नियमांस व फीस अधीन राहून, लोकांस पाहण्यासाठीं खुलीं केलीं. सन १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें हीच तरतूद पुढें चालविली. सन १८८८ च्या मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यांतहि सभेच्या कामकाजाची नोंदवही सभासदास विनामूल्य व इतरांस अल्प फी घेऊन पाहूं द्यावी, अशी सोय केलेली होती. तेव्हां स्थानिक संस्थेचें दप्तर लोकांनीं पाहणें ही एकविसाव्या शतकांत निघालेली नवी कल्पना आहे, असें जें पुष्कळदां सांगण्यांत येतें, तें खरें नाहीं. मुंबईच्या महापालिकेवर हें बंधन तिच्या जन्मदात्या कायद्यांतच घातलेलें आहे.

या जुन्या कायद्यांस मात्र दोन मर्यादा होत्या. पहिली अशी कीं, त्यांच्या शेजारींच गुप्ततेचा कायदा बसलेला होता. सन १८८९ मध्यें आलेला आणि सन १९२३ मध्यें अधिक कडक केलेला सरकारी गुपितांचा कायदा प्रत्यक्षांत मोठमोठ्या राजकारस्थानांपेक्षां कचेरींतील कारकुनाच्या मनावर अधिक परिणाम करून गेला. कागद दाखविल्यास शिक्षा होण्याचा संभव, न दाखविल्यास कांहींच नाहीं, अशी स्थिति असतां कोणता शहाणा नोकर कागद दाखवील? दुसरी मर्यादा याहून खोल आहे. जमिनीचें दप्तर उघडें झालें, पण त्या दप्तरांत ज्याचें नांव आहे त्यासच त्याचा उपयोग. खातेदारास उतारा मिळे. कुळास, मजुरास, खाडींत जाळें टाकणाऱ्यास किंवा नळाच्या कडेला झोंपडी घालून राहणाऱ्यास कोणता उतारा मिळणार? त्याचें नांव ज्या कागदांत येई, तो कागद बहुधा अतिक्रमणाच्या नोटिसीचा असे.

माहुलची कथा येथून पुढें चालू होते. सन १९५० मध्यें मुंबईची हद्द वाढून चेंबूर-ट्रॉम्बेचा भाग महापालिकेखालीं आला. पुढच्या पांच वर्षांत स्टॅनव्हॅक व बर्मा-शेल या परदेशी कंपन्यांचे तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने तेथें चालू झाले. सन १९७४ व १९७६ मध्यें ते राष्ट्राच्या मालकीचे होऊन हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या नांवांनीं चालूं लागले. त्यांच्या जोडीस वीजनिर्मिति, खतें, व पुढें रसायनें सांठविण्याच्या टाक्या आल्या. कोळ्याच्या होडीसमोरची खाडी आणि त्याच्या घरावरची हवा बदलली. पण या बदलाची नोंद ठेवणारें दप्तर त्या वेळीं कोणतेंच नव्हतें. जमिनीचा फेरफार नोंदविण्यास तलाठी होता, हवेचा फेरफार नोंदविणारा कोणी नव्हता.

हें दुसरें दप्तर पुढें कायद्यानें निर्माण केलें. सन १९८१ च्या वायुप्रदूषण प्रतिबंधक कायद्याप्रमाणें राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळानें, कोणत्या कारखान्यास संमति दिली व धूर-वायु सोडण्याची कोणती मर्यादा घातली, याची नोंदवही ठेवावयाची असते. आणि जो कोणी त्या मर्यादेशीं संबंधित किंवा तिनें बाधित असेल, त्यास ती वही पाहण्याचा हक्क त्याच कायद्यांत दिलेला आहे. सन १९८४ च्या भोपाळच्या भयंकर अपघातानंतर, सन १९८९ मध्यें घातक रसायनांविषयीं जे नियम झाले, त्यांनीं आणखी एक पाऊल पुढें टाकलें. मोठ्या अपघाताची झळ ज्यांना पोंचण्याचा संभव आहे अशा आसपासच्या लोकांस धोक्याचें स्वरूप, घेतलेली दक्षता आणि प्रसंगीं काय करावें व काय करूं नये, हें कळविण्याची जबाबदारी त्या नियमांनीं कारखानदारावर ठेविली. म्हणजे शेजाऱ्यानें विचारण्याची वाट न पाहतां त्यास सांगितलें पाहिजे, हें तत्त्व आपल्या कायद्यांत सन २००५ च्या पूर्वींच आलेलें होतें.

याच सुमारास माहितीच्या हक्काची चळवळ देशांत आकार घेत होती. जगांत या विचाराचा मान प्रथम स्वीडनकडे जातो. तेथें सन १७६६ च्या मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्यानें सरकारी कागद पाहण्याचा हक्क प्रजेस मिळाला. अमेरिकेंत तसा कायदा सन १९६६ मध्यें झाला. आपल्याकडे सन १९७५ मध्यें राजनारायण यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें, सार्वजनिक सेवकांनीं सार्वजनिक रीत्या केलेली प्रत्येक गोष्ट जाणण्याचा लोकांस हक्क आहे, असा अभिप्राय दिला. पण या हक्कास खरें बळ आलें तें राजस्थानांतील खेड्यांत. मजूर किसान शक्ति संघटनेनें सन १९९४ पासून जनसुनावण्या भरविल्या, त्यांत गांवच्या कामांचे हजेरीपट व बिलें गांवकऱ्यांसमोर मोठ्यानें वाचून दाखविण्यांत आलीं. सन १९९६ मध्यें ब्यावर येथें दीर्घकाळ धरणें धरण्यांत आलें. मागणी मोठ्या राजकीय गुपितांची नव्हती. आपल्या गांवांत कोणत्या कामावर किती पैसा खर्च झाला, एवढेंच त्यांना पाहावयाचें होतें. म्हणजे आपल्या देशांत माहितीच्या हक्काचा लढा आरंभापासूनच स्थानिक कारभाराच्या दप्तरासाठीं लढला गेला.

महाराष्ट्रानें सन २००० मध्यें या विषयावर एक दुबळा कायदा केला. त्यावर असंतोष माजून अण्णा हजारे यांनीं आंदोलन आरंभिलें. सन २००२ मध्यें नवा वटहुकूम निघाला, आणि ऑगस्ट २००३ मध्यें त्याचें कायद्यांत रूपांतर झालें. अखिल भारतीय कायदा सन २००५ मध्यें संमत होऊन त्या वर्षीं १२ ऑक्टोबरास पूर्णपणें अमलांत आला. सामान्यतः लोकांस या कायद्याचा एकच भाग माहीत असतो: दहा रुपये भरून अर्ज करावयाचा, तीस दिवसांत उत्तर मिळालें पाहिजे, न मिळाल्यास अपील, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास दिवसाला अडीचशें रुपयांप्रमाणें कमाल पंचवीस हजारांपर्यंत दंड. परंतु या कायद्याचा पाया त्याच्या चौथ्या कलमांत आहे. प्रत्येक सार्वजनिक संस्थेनें आपले अभिलेख वर्गवारी व सूची करून नीट ठेवावे. आपली रचना, अधिकार, नियम, खर्च, सवलती मिळालेल्यांची नांवें इत्यादि सतरा प्रकारची माहिती एकशेंवीस दिवसांच्या आंत आपण होऊन प्रसिद्ध करावी. लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणें ठरवितांना वा निर्णय जाहीर करतांना सर्व संबद्ध वस्तुस्थिति प्रकट करावी. आणि ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना त्याचीं कारणें द्यावींत, अशी ही चतुर्विध आज्ञा आहे. हें कलम जर पाळलें गेलें, तर अर्ज करण्याची गरज क्वचितच पडेल. म्हणून अर्जांची वाढती संख्या ही कायद्याच्या यशाची खूण मानणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. पुष्कळ अर्ज असे असतात कीं, संस्थेनें आपण होऊन करावयाचें काम तिनें न केल्यामुळेंच ते जन्मास येतात.

स्थानिक संस्थांचें आचरण तपासतांना न्यायबुद्धि सोडतां कामा नये. या कायद्याच्या जोरावर रस्त्यांचीं बिलें, बांधकामांच्या परवानग्या, शिधापत्रिकांच्या याद्या असंख्य नागरिकांनीं पाहिल्या, आणि पुष्कळ ठिकाणीं नुसत्या अर्जानेंच अडलेलें काम सुटलें. पुणें महानगरपालिकेनें सन २००९ मध्यें दर सोमवारीं दुपारीं तीन ते पांच या वेळांत, अर्जावांचून, नागरिकांस फायली पाहूं देण्याची पद्धत चालू केली. आणि नोव्हेंबर २०१८ मध्यें राज्य सरकारनें जिल्ह्यांतील व स्थानिक संस्थांच्या कचेऱ्यांस तसेंच करण्यास सांगितलें. हा उपक्रम लहान दिसला तरी त्यांतील विचार मोठा आहे; कारण त्यानें नागरिकास अर्जदाराच्या जागेवरून उठवून पुन्हां गोतसभेंतील श्रोत्याच्या जागीं बसविलें. उलट बाजूनें अधिकाऱ्यांचीहि अडचण खरी आहे. नोकरांच्या जागा रिकाम्या असतात, जुनीं दप्तरें तळघरांत कुजत असतात, आणि कांहीं अर्जदार खाजगी वैर साधण्यासाठीं गाडाभर कागद मागतात. सन २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि अशा अनिर्बंध मागण्यांनीं कचेऱ्यांचें काम ठप्प होऊं नये, असें बजावलें आहे.

एवढें मान्य करूनहि नाकारण्याच्या ज्या रूढ रीति पडल्या आहेत, त्यांचें समर्थन होऊं शकत नाहीं. पहिली रीत टोलवाटोलवीची. दुसऱ्या कचेरीचा विषय असल्यास पांच दिवसांत अर्ज तिकडे पाठवावा, ही कायद्यांतील सोय अर्जदाराच्या हितासाठीं आहे. तिचाच उपयोग करून अर्ज खात्याखात्यांतून फिरविला जातो. दुसरी रीत ‘अभिलेख आढळून येत नाहीं’ या शेऱ्याची. या शेऱ्यानें प्रकरण संपत नाहीं, पूर्वीं उपलब्ध असलेली माहिती सांपडत नसल्यास कसून शोध घेऊन जबाबदारी निश्चित केली पाहिजे, असें दिल्ली उच्च न्यायालयानें सन २०१३ मध्यें स्पष्ट केलें. महाराष्ट्रांत तर सन २००५ चा सार्वजनिक अभिलेखांचा स्वतंत्र कायदाहि आहे, आणि कागद बेकायदेशीर रीत्या नष्ट करणें हा त्याखालीं गुन्हा आहे. तिसरी रीत कालहरणाची. दुसऱ्या अपिलासाठीं राज्य माहिती आयोगाकडे जावें लागतें; आणि सतर्क नागरिक संगठन या दिल्लींतील संस्थेनें काढलेल्या आंकड्यांप्रमाणें सन २०२३ च्या मध्यास महाराष्ट्राच्या आयोगापुढें एक लाखाहून अधिक अपिलें व तक्रारी पडून होत्या. तीस दिवसांचा हक्क बजावण्यास जेथें वर्षें लागतात, तेथें दंडाचा धाक कोणास वाटणार? आणि विलंबापेक्षांहि भयंकर गोष्ट म्हणजे, जमिनीच्या व्यवहारांचे कागद बाहेर काढणारे तळेगांवचे सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्यें भर रस्त्यांत खून झाला. दप्तरांत काय असतें आणि तें उघडणें किती जणांस नकोसें असतें, याचें दुसरें प्रमाण देण्याची आवश्यकता नाहीं.

आतां माहुलच्या तिसऱ्या, म्हणजे घरांच्या दप्तराकडे वळूं. प्रकल्पग्रस्तांसाठीं तेथें ७२ इमारतींत सुमारें सतरा हजार सदनिका बांधण्यांत आल्या. मुंबईस पाणी आणणाऱ्या तानसा जलवाहिनीच्या दोहों बाजूंची दहा मीटर जागा मोकळी करण्याचे आदेश उच्च न्यायालयानें दिले होते. त्या अन्वयें विद्याविहार, घाटकोपर इत्यादि भागांतून हलविलेल्या कुटुंबांस सन २०१७ पासून मोठ्या संख्येनें या सदनिका देण्यांत आल्या. नळाची सुरक्षितता हा शहराचा खरा प्रश्न होता, हें कोणी नाकारणार नाहीं. परंतु त्यापूर्वींच्या दोन कागदांकडे वाचकांनीं लक्ष द्यावें.

पहिला कागद सन २०१३ चा. परळच्या के. ई. एम. रुग्णालयानें माहुल व अंबापाडा येथील रहिवाशांची आरोग्यपाहणी केली. तींत शेंकडा ६७.१ लोकांनीं महिन्यांतून तीनहून अधिक वेळां धाप लागत असल्याचें सांगितलें, आणि शेंकडा ८६.६ लोकांनीं डोळे चुरचुरत असल्याची तक्रार केली. दुसरा कागद डिसेंबर २०१५ चा. गांवकऱ्यांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें असा निष्कर्ष काढला कीं, तेथील हवेच्या स्थितीमुळें माहुल, अंबापाडा व चेंबूर येथील रहिवाशांच्या आरोग्यास धोका आहे. यांतील दुसरा कागद न्यायनिर्णयाचा, म्हणून सर्वांस उघडा. पहिल्याविषयीं तर असें ध्यानांत ठेवावें कीं, के. ई. एम. हें महापालिकेचेंच रुग्णालय आहे. ज्या संस्थेच्या एका खात्यानें रहिवाशांची धाप मोजली, तिच्याच दुसऱ्या खात्यानें चार वर्षांनीं त्या हवेंत नवीं कुटुंबें नेऊन बसविलीं.

येथें कोणी म्हणेल कीं, ही चूक धोरणाची झाली, तिचा अभिलेखांच्या कायद्याशीं काय संबंध? आमच्या मतें संबंध अगदीं निकटचा आहे. घर सोडून माहुलास जाण्याचा निर्णय ज्यांच्यावर लादला गेला, ते ‘निर्णयाचा परिणाम होणारे लोक’ होते. हवेविषयींचे हे कागद ही त्या निर्णयाशीं ‘संबद्ध वस्तुस्थिति’ होती. ती प्रकट करणें व निर्णयाचीं कारणें देणें हें चौथ्या कलमानें महापालिकेवर व शासनावर घातलेलें कर्तव्य होतें; त्यासाठीं कोणा झोंपडीवाल्यानें दहा रुपयांचा अर्ज भरण्याची आवश्यकता नव्हती. तें कर्तव्य वेळीं बजावलें गेलें असतें, तर वाद घर रिकामें करण्यापूर्वीं झाला असता. प्रत्यक्षांत तो नंतर झाला. ८ ऑगस्ट २०१८ रोजीं भारत पेट्रोलियमच्या कारखान्यांत स्फोट होऊन चाळिसांहून अधिक लोक जखमी झाले. त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस माहुलच्या रहिवाशांनीं विद्याविहार येथें रस्त्यावर बसून आंदोलन आरंभिलें. शेवटीं सप्टेंबर २०१९ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें, यापुढें कोणासहि बळेंच माहुलास पाठवूं नये, आणि जे तेथें आहेत त्यांना दुसरीकडे घर देतां येत नसल्यास दरमहा पंधरा हजार रुपये भाडें व पंचेचाळीस हजार रुपये अनामत द्यावी, असें ठरविलें. जी वस्तुस्थिति न्यायालयास मान्य झाली, ती महापालिकेच्या व शासनाच्या कपाटांत चार वर्षें आधीं होती. त्या चार वर्षांची किंमत कोणीं दिली, हें वेगळें सांगावयास नको.

माहुलनें आणखी एक दोष उघड केला आहे, आणि तो सर्व स्थानिक संस्थांस लागू पडतो. कायदा अस्तित्वांत असलेली माहिती देतो. नसलेली तयार करून देण्याचें बंधन संस्थेवर नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें वर सांगितलेल्या सन २०११ च्या निर्णयांत म्हटलें आहे. आतां मृत्यूच्या नोंदींचें उदाहरण घ्या. सन १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणी कायद्याप्रमाणें ही नोंदवही स्थानिक संस्थेकडे असते, व तिचा उतारा कोणासहि मिळतो. परंतु मृत्यूचें कारण उताऱ्यांत दाखवावयाचें नाहीं, असा निर्बंध त्याच कायद्यांत आहे. मृताच्या खाजगीपणाचा मान राखणारा हा निर्बंध योग्यच आहे. पण एखाद्या वसाहतींत अमुक वर्षांत श्वसनाच्या विकारानें किती मृत्यु झाले, ही बेरीज कोणाचीहि खाजगी गोष्ट नाहीं. ती बेरीज महापालिकेनें केलीच नाहीं, तर नागरिकास ती मागतां येत नाहीं. आणि मागतां येत नाहीं म्हणून न केल्याचा जाबहि कोणी विचारीत नाहीं. अशा रीतीनें कायद्याचें एकहि अक्षर न मोडतां कायद्याचा हेतु पूर्णपणें निष्फळ करतां येतो. अभिलेख दडविणारा अधिकारी केव्हां तरी सांपडतो. अभिलेख निर्माणच होऊं न देणाऱ्या संस्थेस आपल्या कायद्यांत अद्याप शिक्षा नाहीं.

अलीकडच्या काळांत पहारेकरीहि कमी झाले आहेत. मार्च २०२२ मध्यें मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक न होतां प्रशासकाच्या हातीं कारभार राहिला. ज्या सभासदांस सन १८८८ च्या कायद्यानें विनामूल्य नोंदवही पाहण्याचा हक्क दिला, ते सभासदच त्या काळांत अस्तित्वांत नव्हते. दुसरीकडे, सन २०२३ च्या वैयक्तिक विदेच्या संरक्षणाच्या कायद्यानें माहितीच्या कायद्यांतील खाजगी माहितीचा अपवाद पुष्कळ रुंद केला. पूर्वीं त्या अपवादाच्या पोटांतच सार्वजनिक कार्याची व सार्वजनिक हिताची कसोटी होती. नव्या शब्दरचनेंत ती तेथून काढून टाकली आहे. व्यापक सार्वजनिक हितासाठीं माहिती देण्याची वेगळी तरतूद कायम आहे, हें खरें. तथापि कोणत्या कुटुंबास पात्र ठरविलें, कोणास वगळलें, कोणत्या इमारतींत कोणास सदनिका दिली, अशा याद्यांवर आतां ‘वैयक्तिक’ हा शेरा मारणें अधिक सोपें झालें आहे. आणि पुनर्वसनांतील गैरव्यवहार बहुधा अशाच याद्यांत दडलेले असतात.

या सर्व विवेचनांतून आम्ही जें अनुमान काढतों तें असें. स्थानिक संस्था अर्जाला उत्तर देण्याचा कायदा रडतकढत कां होईना पाळूं लागल्या आहेत. आपण होऊन सांगण्याचा कायदा मात्र त्या बहुतांशीं पाळीत नाहींत. पहिल्यांत नागरिक मागतो व संस्था देते, म्हणून तिचा वरचष्मा कायम राहतो. दुसऱ्यांत संस्थेस निर्णयापूर्वींच आपलें दप्तर लोकांपुढें मांडावें लागतें, आणि लोकांच्या हरकतीस तोंड द्यावें लागतें. हा दुसरा कायदा पाळला जावा, यासाठीं नवीं कलमें करण्यापेक्षां कांहीं साध्या गोष्टी सक्तीच्या केल्या पाहिजेत. पुनर्वसनाच्या प्रत्येक वाटपपत्रास त्या जागेच्या हवापाण्याविषयींचा शेवटचा अधिकृत अहवाल मराठींत जोडावा. प्रदूषण मंडळाची नोंदवही जेथें त्या हवेचा श्वास घेतला जातो, त्या विभागाच्या महापालिका-कचेरींत पाहावयास ठेवावी. मृत्यूच्या कारणांची वसाहतवार बेरीज दरवर्षीं प्रसिद्ध व्हावी. आणि ‘अभिलेख आढळून येत नाहीं’ असा शेरा मारणाऱ्या कचेरीनें, तो अभिलेख शेवटीं कोणाच्या ताब्यांत होता हेंहि त्याच कागदावर लिहावें.

या सूचनांची परीक्षा पाहण्यास दूर जाण्याचें कारण नाहीं. सन २०२५ मध्यें महापालिकेनें माहुल येथील आपल्याकडील हजारों रिकाम्या सदनिका स्वतःच्याच कर्मचाऱ्यांस विकत देण्याची योजना पुढें केली. हे कर्मचारी झोंपडींतले नाहींत; कागद कसा लिहावा, कोठें दाबावा व कोठून काढावा, हें त्यांना आपल्या नोकरींतूनच माहीत आहे. अशा योजनेच्या माहितीपत्रकाबरोबर सन २०१३ ची रुग्णालयाची पाहणी, सन २०१५ चा न्यायाधिकरणाचा निष्कर्ष, सन २०१९ चा उच्च न्यायालयाचा आदेश आणि आजच्या हवेचें मोजमाप हे चार कागद जोडले पाहिजेत. हवा सुधारली असेल, तर तें सिद्ध करण्याचें याहून चांगलें साधन महापालिकेस मिळणार नाहीं. सुधारली नसेल, तर घर घेणाऱ्यास तें पैसे भरण्यापूर्वीं कळलें पाहिजे. शिलाहारांच्या काळीं ज्या मुलुखांत दानाचा लेख उघड्यावर उभा राहत होता, तेथें घराच्या किल्लीबरोबर हे चार कागद देणें एकविसाव्या शतकांतील महापालिकेस अशक्य आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.